कौसाबाईची नववी साखळी

अप्पा, तुमचा खड्डा चार बोटं कमी खणला होता.

लिंगायतांच्या रीतीत समाधीचा खड्डा मयताच्याच पावलानं मोजतात, हे मला त्या दिवशी कळलं. सुती दोरीवर तुमच्या तळपायाची लांबी घेतली, तशा नऊ लांब्यांना गाठी मारल्या आणि तेवढा लांब, तेवढा रुंद खड्डा आखला. जमीन मुरमाड, खणणारे सकाळपासून उन्हात. पूर्वेची बाजू शेवटच्या गाठीच्या चार बोटं अलीकडेच थांबली. "चालतंय की," खड्ड्यातला एकजण म्हणाला, "अप्पा काय आता मोजायला येत न्हाईत." दोघंतिघं हसलेसुद्धा. तुम्हीही हसला असता, आणि मग खणायला लावलं असतं. मी बायकांमधून उठून पुढे गेले आणि म्हणाले, "खणा." सगळे माझ्याकडे बघत राहिले. तुमच्या मुलानं, महेशदादांनी, मान डोलावली तेव्हा कुदळ पुन्हा चालू झाली.

त्या दिवसापासून गाव मला एकच शब्द ऐकवतंय. चालतंय. मंदाताई, चालतंय. आठ दिवस झाले, मला अजून ते चालवून घेता आलेलं नाही.

तुमच्या दिवसांच्या विधीला, शिवगणाराधनेला, वाटायला महेशदादा एक छोटी पुस्तिका काढताहेत. "अप्पांनी तुला शिकवलं, एक पान तू लिही," ते म्हणाले, "चांगलं चांगलं लिही." मी हो म्हणाले. तुमचा जन्म, मोजणी खात्यातली नोकरी, बदल्या, निवृत्ती हे कोणीतरी दुसरं लिहील. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं आहे, आणि ते मी माझ्या बाजूनं तोडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या खासगी मोजणीच्या कामात हाताखाली शिकायला मी तुमच्या अंगणात आले तेव्हा माझ्याकडे बी.एस्सी.ची पदवी होती, आयटीआयचा सर्व्हेअरचा दाखला होता आणि आमच्या सबंध घराण्यात यातलं काहीही दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. शिरूर कासारच्या पुढची आमची वाडी. दिवाळी झाली की आई-बाबा कोयता घेऊन उसाला जायचे, घराला कुलूप लागायचं आणि मी हंगामी वसतिगृहात. तुम्ही दाखले बघितलेच नाहीत. अंगणातल्या फरशीत दोन पितळी खिळे ठोकलेले होते, त्यांच्याकडे बोट केलंत. "ह्यांच्यातलं अंतर सांग."

मी टेप लावला. "तेहतीस फूट."

"परत."

"तेहतीस फूट."

"आता त्या टोकाकडून."

तिसऱ्यांदा तेहतीस म्हटल्यावर तुम्ही भिंतीवरची लोखंडी साखळी काढलीत. तीही तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे मी पुस्तकात वाचलं होतं, साखळी मात्र पहिल्यांदा बघत होते. रोज सकाळी ती या खिळ्यांमध्ये ताणून बघायची आणि मगच बाहेर पडायचं, असा तुमच्या घरचा नेम. ओढून ओढून कड्या उघडतात, साखळी लांबते, आणि लांबलेली साखळी माणसाचं शेत लहान दाखवते.

"अप्पा, आता साखळी कोण वापरतं?" मी विचारलं. "माझं सगळं शिक्षण टोटल स्टेशनवर, मोजणीच्या मशीनवर झालंय."

"वापर की तुझं मशीन. मी कुठं न्हाई म्हणतो? पण जुनं नकाशे साखळीनं झाल्यात. त्यातली चूक बी साखळीचीच असंल. ती शोधायची तर साखळीचा हिशेब डोक्यात पायजे, इंजिनेर."

मी इंजिनिअर नाही असं तुम्हाला शंभरदा सांगितलं. शेवटपर्यंत तुम्ही मला इंजिनेरच म्हणत राहिलात, कधी कौतुकानं, जास्त वेळा चिडवायला. धर्मापुरीकडच्या एका बांधावर कोणीतरी तुम्हाला विचारलं होतं, "अप्पा, पोरगी कावून आणली बरुबर?" तुम्ही साखळी न सोडता म्हणालात, "मोजायला. तुला काय वाटलं, भाकरी थापायला?" त्या वाक्यावर मी पुढची सहा वर्षं काम केलं, अप्पा. दुसऱ्या कोणी मला एवढं पुरेल असं काही दिलेलं नाही.

तुमची शिस्त मात्र जाचक होती. आकडा मोठ्यानं बोलायचा, लिहिणाऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, मगच पेन्सिल टेकवायची. मोजणी संपेपर्यंत कोणाच्याही घरचा चहा नाही, ताक नाही, गूळ-पाणीसुद्धा नाही. आपलं पाणी आपण न्यायचं. उन्हाळ्यात लोक कळवळून तांब्या पुढे करायचे आणि तुम्ही हात जोडायचात. मला ते उर्मट वाटायचं. आणि ज्याच्या शेताची हद्द लागते तो घरी नसेल, तर मोजणी पुढे ढकलायची. नोटीस दारावर चिकटवली की कायद्यानं काम भागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी बंद दार दिसलं की तुम्ही साखळी गुंडाळायचात. "हंगाम संपू दे. माणसं येऊ दे." त्यापायी कितीतरी पक्षकार चिडून दुसऱ्याकडे गेले.

उसाला गेलेल्यांची मुलगी म्हणून मला तुमचा तो नेम फार मोठा वाटायचा. मला वाटायचं, हा माणूस आमच्यासाठी थांबतो.

आपलं पहिलं भांडण तेलगावच्या एका कापसाच्या शेतात झालं, आठवतं? चारी बाजू मोजून आपण सुरुवातीच्या दगडाशी परत आलो. कागदावर ती रेषा जिथून निघाली तिथेच येऊन मिळायला हवी. ती दोन फूट अलीकडे थांबली. मला आनंदच झाला, कारण हे मला येत होतं. रेषेत एवढी तूट माफ असते आणि ती सगळ्या बाजूंना लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची असते. लांब बाजूला जास्त, आखूडला कमी. मी बांधावर बसून कॅल्क्युलेटर काढला.

"काय करतीस?"

"चूक वाटते."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही, अप्पा. ऊन आहे, चढ-उतार आहे. थोडी येतेच."

"न्हाई कुणाची म्हणतीस ते शोधल्याबिगर? ऊठ. परत मोजू."

दुपारी दोनच्या उन्हात आपण सबंध शेत परत मोजलं. पुन्हा तेच दोन फूट. मी तुमच्याकडे बघून हसले, खोटं कशाला बोलू. तुम्ही टोपीनं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "बरं हाय. आता वाट." घरी येताना मोटारसायकलवर मी एकटीच बोलत होते. त्यानंतर दर महिन्याला हेच. मी वाटायला बसायचे, तुम्ही उठवायचात. गावभर सांगायचात, "पोरगी हुशार हाय, पण लई वाटती." मला वाटायचं, ही म्हाताऱ्या माणसाची खोड आहे.

यंदा आपल्या गावचा तलाव पौषातच आटला. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी हातानं खणलेला तलाव, मी कधी त्याचा तळ बघितला नव्हता. पाणी गेलं की उघडी पडलेली गाळाची जमीन एका हंगामापुरती मूळ मालकांना पेरायला देतात, आपल्याकडे तिला गाळपेर म्हणतात. चारा छावणीत जनावरं उभी, वैरण नाही. गावच्या पाणीवापर संस्थेनं ठरवलं की गाळाच्या ओलीवर मका-कडवळ घ्यायचं, आणि कोणाचा पट्टा कुठे ते मोजायचं काम आपल्याला दिलं. बारा मालक. जुन्या नकाशावर प्रत्येकाची रुंदी लिहिलेली. दोन दिवसांचं काम, मी म्हणाले.

तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं. गाळाला भेगा, तुमचे गुडघे तसे. तुम्ही काठी घेऊन आलातच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची काठी एका दगडावर आपटली. गाळ बाजूला केला तर डोक्यावर छिन्नीची फुली असलेला हद्दीचा दगड. तलावाच्याही आधीचा, चाळीसपेक्षा जास्त वर्षं पाण्याखाली उभा. मला वाटलं, चला, पक्की खूण मिळाली. मी मशीन लावलं. कौसाबाईच्या एका कोपऱ्यापासून या दगडापर्यंत दोनशे सत्त्याण्णव फूट. नऊ साखळ्या.

नकाशावर कौसाबाईची रुंदी आठ होती.

मी परत घेतलं. मग त्या टोकाकडून घेतलं. मग टेप लावला. तुम्ही तोवर दगडाशेजारी गाळातच बसला होतात आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

कौसाबाई कोण हे या पुस्तिकेच्या सगळ्याच वाचकांना माहीत नसेल. आज सत्तरीच्या आसपासची, अजून मुला-सुनेबरोबर उसाला जाते, टोळीच्या तळावरच्या झोपडीत, कोपीवर, नातवंडं सांभाळते. गाव तिला तेरापावली म्हणतं. तलाव झाल्यापासून ती येईल-जाईल त्याला सांगत आली की माझं शेत तेरा पावलं कमी भरतंय. तलाठ्याला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, लग्नात पंगतीला बसलेल्या पाहुण्यांनासुद्धा सांगितलं. लोक तिला बघून पावलं टाकून दाखवायचे, एक, दोन, तीन. तेरा पावलं म्हणजे तेहतीस फूट, हे गावात कोणी कधी करून बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

"नकाशा कुणी केला होता, अप्पा?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं.

"मी."

मग तुम्ही सांगितलंत. तुकड्या-तुकड्यांनी, दगडाकडे बघत. नोकरीचं पहिलं वर्ष. साखळी ओढणारा पुढे जायचा आणि प्रत्येक साखळीला जमिनीत एक लोखंडी सुई रोवायचा. मागचा माणूस सुया गोळा करत यायचा. मागच्याच्या हातात जितक्या सुया, तितक्या साखळ्या झाल्या. त्या दिवशी काळ्या रानात एक सुई राहून गेली. चारी बाजूंनी फिरून तुम्ही परत आलात तर रेषा बरोबर एक साखळी अलीकडे थांबली. ना कमी, ना जास्त.

"फुटा-दोन फुटाची तूट असती तर गोष्ट येगळी. पुरी साखळी तुटली म्हंजी सुई राह्यली, हे शेंबड्या पोराला बी कळतं," तुम्ही म्हणालात. "मला बी कळलं व्हतं. पण कुठं राह्यली ते बघायला परत सबंध रेघ मोजावी लागली असती. खणायला हजार माणूस बसलं व्हतं. साहेब म्हनला, सांजच्याला नकाशा दे."

"मग?"

"शेजारचा मालक हजर व्हता. दुपारी त्याच्याच घरी जेवलो व्हतो. म्हनला, साहेब, ती साखळी माझ्यात धरा. कौसाबाईच्या दाराला कुलूप व्हतं. उसाला गेलते. धरली."

म्हणजे एक साखळी रुंदीची, चौदा साखळ्या लांबीची पट्टी. चौदा गुंठे. काही पाण्यात गेली, काही वर राहिली, आणि सगळी शेजाऱ्याच्या नावावर बसली.

मी तिथे उभी होते आणि माझ्यासमोर तुमची सहा वर्षांची शिस्त एकेक करून उलगडत होती. आकडा मोठ्यानं का बोलायचा. कोणाच्या घरचं ताक का घ्यायचं नाही. बंद दार दिसलं की साखळी का गुंडाळायची. तुमचा एकेक नेम त्या एका दिवसाच्या विरुद्ध उभा केलेला होता. मला ज्यानं घडवलं ते तुमचं चांगुलपण त्या चुकीवर वाढलेलं होतं. पण अप्पा, तुम्ही नेम केलेत, दुरुस्ती केली नाहीत. परत जाऊन ती एक रेघ मोजायला एक सकाळ लागली असती. चाळीसपेक्षा जास्त वर्षांत तुम्हाला एक सकाळ मिळाली नाही?

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं," तुम्ही म्हणालात. आणि मग, "माहीत करून घेतलं न्हाई."

मग मी ते विचारलं. "आमच्या वाडीची मोजणी कोणी केली होती?"

"मी न्हाई."

"नाही, का आठवत नाही?"

तुम्ही काठीकडे हात नेलात. मी मशीन आवरलं. तुम्हाला हात देऊन उठवलं, मोटारसायकलवर बसवलं, घरी सोडलं. आणि मग आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. त्या आठ दिवसांत मला आमच्या दारावरचं कुलूप दिसत होतं.

नवव्या दिवशी तुम्ही आपल्या मोजणीच्या ऑफिसात आलात. मी काम करत होते, मान वर केली नाही. तुम्ही टेबलावर एक जुनी वही ठेवलीत. "ह्यात त्या दिवशीचं सगळं हाय. साखळीन् साखळी. संस्थेच्या पुढल्या बैठकीत मी सोता सांगणार हाय, चेअरमनच्या तोंडावर." मी म्हणाले, "ठेवा." तुम्ही जरा वेळ उभे राहिलात. मग चपलांचा आवाज आला.

ठेवा. एवढंच. एका शब्दाचं बोलणं झालं आपलं शेवटचं, आणि तोही मी वहीकडे बघून बोलले. त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही गेलात. बैठक सहा दिवसांवर होती.

राग अजून आहे, अप्पा. जात नाही आणि मी घालवणारही नाही. पण तुम्ही वही आणून दिलीत. फाडली असती तर कोणाला कळलं असतं? दगड गाळात परत दाबायला तुमची काठी पुरली असती. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, तुम्ही ती वही दोन किलोमीटर चालत घेऊन आलात आणि मी तुम्हाला बसा म्हटलं नाही. याबद्दल मला तुमची क्षमा हवी आहे. कौसाबाईबद्दलची क्षमा मात्र मी तुम्हाला देऊ शकत नाही. ती माझ्या हातातली नव्हे.

बैठक परवा झाली. संस्थेच्या शेडमध्ये बाराच्या जागी तीसेक माणसं. आधी तुम्हाला श्रद्धांजली, दोन मिनिटं उभे. मग चेअरमननी नकाशा मागितला. ते त्या शेजाऱ्याचेच चिरंजीव. वाईट माणूस नाही. छावणी त्यांनी स्वतःच्या रानात उभी केली आहे, पाण्याचा टँकर आला की आधी लांबच्या वस्तीला पाठवतात. त्यांना मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि ते तयारी करून आले होते.

"एक साखळीचा घोळ हाय म्हनं," ते म्हणाले. "असू द्या. कौसाबाईला मिळायलाच पायजे, माझं न्हाई म्हणणं न्हाई. पण अप्पा गेले. मेलेल्या माणसाची चूक उकरून काय करायचं? ती साखळी बाराजणांतून काढू. माणशी किती येतं, मंदाताई?"

"पावणेतीन फूट."

"पावणेतीन फूट! लई झालं का?"

"पावणेतीन फुटात माझी म्हैस बी बसत न्हाई," मागून कोणीतरी म्हणालं. शेड हसलं.

"बगा," चेअरमन म्हणाले. "आणि तुमच्याच पुस्तकात हाय न्हवं, चूक आली की सगळ्या बाजूला वाटून टाकायची? अप्पाच सांगायचे, पोरगी लई वाटती."

तुम्हाला तिथे असायला हवं होतं. माझंच शस्त्र, माझ्यावरच. क्षणभर मला वाटलं, काय हरकत आहे? तिला तिची जमीन मिळते, तुमचं नाव झाकलं जातं, कोणाशी वैर नाही, वैरण वेळेवर पेरली जाते. आणि मग मला हिशेब दिसला. त्या बारात कौसाबाई स्वतःही होती. तिची जमीन तिला परत देताना तिच्याकडूनच पावणेतीन फूट घ्यायचे. बाकीच्या दहांनी तर काहीच घेतलं नव्हतं.

मी उभी राहिले. "पुस्तकात आहे," मी म्हणाले. "उन्हानं साखळी लांबते, जमीन वर-खाली असते. ती चूक कोणी करत नाही, म्हणून ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. या मोजणीत ती दीड वीत आली, मी बाराजणांत वाटली आहे, नकाशात दिसेल. पण साखळीची चूक अप्पांनी केली. सुई हरवली ते नकळत. ती साखळी कौसाबाईच्या दाराला कुलूप होतं म्हणून शेजाऱ्यात धरली, ते कळून. ही वाटायची नाही. जिथे ठेवली तिथून उचलून परत ठेवायची."

"म्हंजी माझ्या बापानं चोरी केली म्हणता?"

"तुमचे वडील 'माझ्यात धरा' म्हणाले. धरली अप्पांनी. मी अप्पांचं नाव घेतेय."

मग जे झालं ते तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं. "ज्यानं हाताला धरून शिकिवलं, त्यालाच वरची माती वाळायच्या आत नागडं करती," एक म्हातारे म्हणाले. "लाज हाय का, बे?" मुलगी आहे हे विसरून त्यांनी मला बे म्हटलं. मी म्हणाले, "अण्णा, शिकवलं म्हणूनच." वही उघडली, त्या दिवशीचं पान वाचलं. साखळीन् साखळी, मोठ्यानं.

चेअरमननी शेवटी सांगितलं की सोमवारपर्यंत नकाशा बारा वाटण्यांचा करून सही करा, नाहीतर बीडहून दुसरा मोजणारा आणू. मी म्हणाले, "आणा. दगड तिथंच आहे."

बाहेर महेशदादा उभे होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "चारचौघांत बोलायची काय गरज होती, मंदा?"

"अप्पा बोलणार होते."

"मला नाही सांगितलं त्यांनी." त्यांना जास्त तेच लागलं होतं. मी त्यांच्या हातात तुमची वही दिली आणि घरी आले.

काल दुपारी कौसाबाईच्या सुनेचा फोन लागला. त्यांची टोळी पार कोल्हापूरकडे आहे. मागं ट्रॅक्टरचा आवाज, पोरांची रडारड. मी सगळं सांगितलं.

"नऊ?" म्हातारीनं विचारलं.

"नऊ, मावशी."

"म्हंजी तेरा पावलं."

"तेरा पावलं. तुम्ही बरोबर होतात."

तिनं फोन बाजूला धरला असावा. "ऐकलं का रं, मुडद्यांनो!" ती सगळ्या तळाला ओरडून सांगत होती. "तेरा पावलं! मशीननं मोजलं!" मग परत फोनवर आली. "त्यो अप्पा कुठाय? दे त्याला."

"अप्पा गेले, मावशी. आठवडा झाला."

"मेला व्हय," ती हळू म्हणाली. "मंग आता शिव्या कुणाला देऊ?"

"मला द्या."

"तुला कावून? तू मोजलंस की." नाक ओढल्याचा आवाज आला. मी तिला चेअरमनचा तोडगा सांगितला. माणशी पावणेतीन फूट, सगळ्यांकडून काढून. सांगायलाच हवं होतं, जमीन तिची आहे. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मला लोकाचं कावून पायजे? माझं हाय ते दे. तू सही केलीस का त्या कागदावर?"

"नाही."

"करू नको."

आज सकाळी महेशदादा आले. वही त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घालून आणली होती. रात्रभर वाचली असावी, डोळे तसे दिसत होते. खुर्चीवर बसले नाहीत. बीडचा माणूस यायच्या आत दगडापासून वरच्या बांधापर्यंत सबंध पट्टी एकदा साखळीनंच मोजायची असं मी ठरवलं आहे, आणि गावात कोणी दुसरं टोक धरायला तयार नाही, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"किती वाजता निघतेस?" त्यांनी विचारलं.

"उद्या सातला."

"मी येतो." दारापर्यंत गेले आणि थांबले. "ते पान लिहिलंस का?"

"लिहिते आहे. चांगलं चांगलं नाही होत."

"आहे तसं दे," ते म्हणाले. "छापतो."

तर हे ते पान, अप्पा. बीडच्या माणसाला मी दगड दाखवीन, वही दाखवीन, मोजताना बाजूला उभी राहीन. सोमवारी माझ्या नकाशावर कौसाबाईची रुंदी नऊ साखळ्या लिहिलेली असेल आणि खाली माझी सही असेल. ज्यांना आठ लिहून हवी असेल त्यांनी सही दुसऱ्या कोणाची घ्यावी.